‘एक्सपॅट’ कोण आणि ‘लेबर’ कोण?

तुमच्या इन्स्टाग्रामवर सध्या किती जण ‘अब्रॉड’ आहेत, जरा मोजून बघा. कुणी आयर्लंडमध्ये मास्टर्स करतोय, कुणी जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे महिना महिना पुरवतेय, कुणाचा दादा दुबईत बँकेत आहे. त्यातल्या एक-दोघांच्या बायोमध्ये ‘एक्सपॅट लाइफ’ असं लिहिलेलं सापडेलच. आता दुसरी मोजणी करा. तुमच्या गावातून, तालुक्यातून, चाळीतून आखातात ड्रायव्हर, वेल्डर, प्लंबर, सेंट्रिंगवाला म्हणून गेलेले किती? त्यातल्या कुणी स्वतःला ‘एक्सपॅट’ म्हटल्याचं आठवतंय?

आठवणार नाही. खरं तर ‘एक्सपॅट’चा अर्थ सरळ आहे : आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणारा. त्यात डिग्रीची अट नाही, पगाराची नाही. पण वापरताना आपण अट घालतो. लॅपटॉप घेऊन गेला तर एक्सपॅट, हेल्मेट घालून राबला तर लेबर. मराठीतही तेच. एक जण ‘फॉरेनला सेटल झाला’, दुसरा ‘गल्फला कामाला गेला’. एकाची आई ही बातमी सोसायटीभर सांगते. दुसऱ्याची आई एजंटचं कर्ज फिटेपर्यंत फार बोलत नाही. विमान मात्र बऱ्याचदा एकच असतं.

परदेशात अचानक भेटलेल्या माणसांबद्दल आपण किती भरभरून बोलतो! हॉस्टेलमध्ये गिटार वाजवणारा स्पॅनिश बॅकपॅकर, ट्रेनमध्ये बिस्किटं देणारी जपानी आजी. अशा भेटी छानच असतात. पण आपल्याला, म्हणजे भारतातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना, जी भेट घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, तीच आपण टाळतो. ती असते तिथे राबायला गेलेल्या आपल्याच माणसाची. माझं म्हणणं एवढंच आहे की ती टाळू नका. ती त्याच्यासाठी तर महत्त्वाची असतेच, पण तुमच्यासाठी जास्त असते.

एक दिरहॅमची बोट

गेल्या वर्षी मी आत्याकडे दुबईला गेले होते. तिथल्या खाडीत देरा ते बर दुबई अशा ‘अब्रा’ चालतात. लाकडी बोट, भाडं एक दिरहॅम. मी आणि आतेभाऊ मराठीत बोलत होतो, तेवढ्यात समोर बसलेला माणूस म्हणाला, “ताई, महाराष्ट्रातल्या का तुम्ही?” मी बावीस वर्षांची, तो पस्तिशी ओलांडलेला, तरी मी ताई. तो देगलूरकडचा. निजामाबादच्या एजंटमार्फत आलेला. सेंट्रिंगचं काम. दोन वर्षं झाली, घरी गेलेला नाही. “एक फोटो काढता का? घरी पाठवायचाय. सेल्फीत पाणीच दिसत नाही बघा.”

मी फोटो काढला. त्याने मागे वळून खाडी नीट दिसतेय ना ते बघितलं, शर्टाची कॉलर सरळ केली आणि आणखी एक काढायला लावला. बोट पलीकडे पोहोचायला काही मिनिटंच लागतात. तेवढ्यात कळलं की पाठवलेल्या पैशांतून गावी स्लॅबचं घर झालंय, मुलगी नववीत आहे, आणि तिने काहीही करून दहावी पास व्हायलाच हवं. “माझ्या पासपोर्टावर तो शिक्का आहे ना. तिच्या नको.”

तो राहतो सोनापूरला. दुबईच्या एका मोठ्या कामगार वस्तीला बोलीभाषेत हेच नाव आहे. हिंदीत त्याचा अर्थ सोन्याचं गाव. मुंबईत जुन्या लोकांना विचाराल तर मरीन लाइन्सचं सोनापूर म्हणजे स्मशान. एका शब्दाचे हे दोन अर्थ डोक्यात ठेवून मी आत्याच्या घरी जेवायला बसले.

व्हिसा एकच, वागणूक वेगळी

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या दहा जणांतले जवळपास नऊ जण परदेशी आहेत. भारतीयच ३५ लाखांहून जास्त. आत्याचे मिस्टर तिथे वीस वर्षं नोकरी करतात. गाडी आहे, फ्लॅट आहे, भाऊ चांगल्या शाळेत शिकला. पण काकांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे. नोकरी गेली तर ठरलेल्या मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. बोटीतल्या दादाचा व्हिसाही नोकरीशीच बांधलेला आहे. कागदावर दोघांचा पाया एक.

फरक पुढे सुरू होतो. कुटुंबाला स्वतःच्या व्हिसावर तिथे आणायचं असेल तर महिना किमान ४,००० दिरहॅम पगार लागतो, किंवा राहण्याची सोय असेल तर ३,०००. सेंट्रिंगवाल्याच्या हातात एवढे क्वचितच पडतात. म्हणून एकाच्या घरात गणपती बसतो, आणि दुसरा व्हिडिओ कॉलवर आरती ऐकतो. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. एसी ऑफिसातल्या माणसाला हा नियम माहीत असायची गरज पडत नाही.

आणि ‘तो शिक्का’? तो आपल्याच सरकारचा आहे. १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा माणसाला आखातातल्या देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारी परवानगी लागते. हेतू चांगला आहे. कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये, करार कुणीतरी तपासावा. पण जानेवारी २०१८ मध्ये सरकारने जाहीर केलं की अशा लोकांना वेगळा, नारिंगी रंगाचा पासपोर्ट देणार. म्हणजे जगातल्या प्रत्येक काउंटरवर लांबूनच कळावं की हा कमी शिकलेला. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याच महिन्यात निर्णय मागे घेतला गेला. नारिंगी पासपोर्ट आला नाही, हे बरंच झालं. पण खरं सांगा, आपल्याला तो रंग दिसायला कव्हरची गरज असते का? चप्पल, बॅग, इंग्रजी यांवरून आपण तो रंग आधीच देऊन टाकलेला असतो.

बॅरिस्टर आणि मजूर

दरवर्षी ९ जानेवारी हा दिवस ‘प्रवासी भारतीय दिवस’ मानला जातो. याच तारखेला १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत परतले. ही माहिती जनरल नॉलेजसाठी आपण पाठ केलेली असते. त्याआधीची एक भेट मात्र कुणी विचारत नाही.

गांधीजी तिथे गेले १८९३ मध्ये, बॅरिस्टर म्हणून. आजच्या भाषेत पक्के एक्सपॅट. नाताळमध्ये वकिली सुरू करून काही महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या ऑफिसात एक तमिळ गिरमिटिया मजूर आला. बालसुंदरम. कपडे फाटलेले, पुढचे दोन दात मालकाने मारून पाडलेले, तोंडातून रक्त, आणि डोक्यावरचं मुंडासं हातात. गोऱ्या माणसासमोर जाताना ते काढायची सवयच लावलेली होती, म्हणून भारतीय वकिलासमोरही काढलेलं. गांधीजींनी त्याला ते पुन्हा बांधायला सांगितलं. गिरमिटाचा मजूर मालकाला सोडून गेला तर तो गुन्हा ठरायचा, त्यामुळे त्यांनी खटपट करून त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे करून दिला. ही बातमी मजुरांमध्ये पसरली आणि एकेक जण त्यांच्याकडे येऊ लागला. व्यापाऱ्यांचा वकील मजुरांच्याही जवळ आला तो इथून. ही हकिगत त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिली आहे.

आता जुळवून बघा. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची नाही, ही अट आखातातल्या ‘कफाला’ पद्धतीत अगदी आपल्या काळापर्यंत राहिली. कतारने ती २०२० मध्ये काढली, वर्ल्ड कपच्या जेमतेम दोन वर्षं आधी. आणि मॉरिशसला जे मराठी बांधव आहेत, ज्यांचं आपल्याला एवढं कौतुक, त्यांचे पूर्वजही बहुतेक असेच करारावर गेलेले मजूर होते. चार पिढ्यांनंतर मजुराचे वंशज ‘बांधव’ होतात. मग आज जो मजूर आहे, त्याला बांधव म्हणायला शंभर वर्षं कशाला थांबायचं?

तुम्हीही त्याच रांगेत

“पण आम्ही शिकायला जातोय, आमचं वेगळं आहे.” असं वाटत असेल तर थोडं पुढचं बघा. ब्रिटनमध्ये डिग्री कोर्सच्या विद्यार्थ्याला टर्म सुरू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. ते काम बहुतेक वेळा हॉटेलात भांडी घासण्याचं किंवा सुपरमार्केटमध्ये माल लावण्याचं असतं. पुढे तिथे नोकरीवर राहायचं तर ‘स्पॉन्सर’ कंपनी शोधावी लागते. कफालातल्या ‘कफील’ या शब्दाचं भाषांतरही स्पॉन्सर असंच होतं, गंमत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं, तेव्हा सुट्टीवर आलेल्या लाखोंचं पॅकेज असलेल्या इंजिनिअरांनी धावतपळत परतीची तिकिटं काढली. त्या रात्री त्यांची धाकधूक आणि बोटीतल्या दादाची धाकधूक यांत फार अंतर नसावं. परक्या देशात आपण सगळेच कुणाच्या तरी सहीवर राहतो. कुणाला ते लवकर कळतं, कुणाला उशिरा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मुलींनी अनोळखी माणसांशी बोलायचं का? बरोबर आहे. मीही रात्री एकटी असताना बोलणार नाही. भर दिवसा, चार लोकांत, आपल्याला ठीक वाटत असेल तरच बोलायचं, नंबर-पत्ता द्यायचा नाही. सावध राहणं वेगळं आणि तुच्छतेने नजर वळवणं वेगळं. समोरच्याला हा फरक बरोबर कळतो.

दुसरा आक्षेप, आपल्या बोलण्याने त्याचं काय भलं होणार? कधी काहीच नाही. कधी खूप. २०२४ मध्ये आलेला ‘आडुजीवितम’ हा मल्याळम सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. भाषा न कळणारा माणूस सौदीच्या विमानतळावर उतरतो, भलत्याच माणसाला आपला मालक समजून त्याच्या गाडीत बसतो आणि वाळवंटात अडकतो. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या बेन्यामिन यांनी ती खऱ्या अनुभवावर बेतली आहे. थिएटरमध्ये आपण रडलो. पण अशी बावरलेली माणसं तुमच्या पुढच्या ट्रान्झिटमध्येही दिसतील. हातात बोर्डिंग पास, आणि गेट नंबर कुठे लिहिलाय ते समजत नाही.

तर एवढं करा. विचारलं तर गेट दाखवा. जमलं तर तिथपर्यंत सोबत चाला. गावातलं कुणी आखातात निघालं असेल तर एजंटकडे सरकारी परवाना आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांसाठी ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ आहे, तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचं संरक्षण मिळतं, हे त्याच्या घरच्यांना सांगा. आणि कृपा करून त्याची रील बनवू नका. ‘मजुराच्या डोळ्यांत पाणी’ अशा कॅप्शनला लाइक्स मिळतील, पण तो माणूस त्या दिवशी हसत होता आणि त्याला फक्त खाडी दिसेल असा फोटो हवा होता.

परदेशातून पाठवल्या जाणाऱ्या पैशांत भारत जगात पहिला आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. त्या पैशांत आयटीवाल्यांचा वाटा आहे, तसाच सेंट्रिंगवाल्यांचाही. पुढच्या वेळी परदेशात कानावर मराठी किंवा हिंदी पडली आणि बोलणाऱ्याच्या अंगावर साइटचा मळका ड्रेस असला, तर हेडफोन कानात घालायच्या आधी एक प्रश्न विचारा, “कुठले तुम्ही?” उत्तरात एखादं गाव येईल. बहुतेक वेळा ते तुमच्या गावापासून फार लांब नसेल.