केळीचे वाख : कापडाबरोबर जमिनीचाही विचार हवा

केळीचा घड उतरला की शेतकऱ्याच्या हिशेबी त्या झाडाचे काम संपते. व्यापाऱ्याची गाडी माल घेऊन जाते आणि बागेत रिकामे खांब तेवढे उभे राहतात. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत हिंडणाऱ्या कार्यकर्त्याने बांधाच्या कडेला किंवा नाल्याच्या काठी कुजत पडलेले हे खांब अनेकदा पाहिले असतील. ते ओले असल्याने जळत नाहीत, जड असल्याने सहज हलत नाहीत, आणि बागेबाहेर काढण्यास मजुरी मात्र द्यावी लागते. अशा टाकाऊ वस्तूपासून धागा निघतो व त्या धाग्याचे कापड होते, हे कृषि प्रदर्शनात पाहून शेतकऱ्याचे मन हरखून जावे यात नवल नाही. त्या उत्साहावर पाणी ओतण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तथापि कापडाच्या त्या सुंदर मांडणीपुढे उभे राहून जो प्रश्न प्रथम विचारावयास हवा, तो बहुधा विचारला जात नाही, असे आमचे मत आहे. तो प्रश्न असा : खांबातून धागा काढून घेतल्यावर मागे जे उरते, त्याचे काय करावयाचे?

ज्याला आपण केळीचा खांब म्हणतो ते वस्तुतः खोड नव्हे. पानांच्या देठांची आवरणे, म्हणजेच सोप, एकमेकांभोवती घट्ट गुंडाळली जाऊन हा खांब तयार होतो. या सोपांतील तंतू म्हणजे केळीचे वाख. ताग, अंबाडी व घायपात यांचे वाख काढून दोर वळण्याची विद्या आपल्या खेड्यांना नवी नाही. कोकणात तर केळीच्या सोपाच्या दोऱ्यात फुले ओवण्याची रीत पूर्वापार चालत आलेली आहे. परदेशांतही हेच आढळते. फिलिपाइन्समध्ये केळीच्याच कुळातील अबाका या झाडाच्या वाखापासून जहाजांचे दोरखंड होत आले आहेत. जपानच्या ओकिनावा बेटावरील किजोका येथे केळीच्या धाग्याचे तलम वस्त्र हातमागावर विणतात, आणि त्या कलेला जपान सरकारने १९७४ साली राष्ट्राच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा मान दिला. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. अबाका काय किंवा किजोकाची केळ काय, ही झाडे धाग्यासाठीच लावलेली असतात. आपली केळ फळासाठी लावलेली आहे. आपल्याकडे धागा हे दुय्यम उत्पन्न होय, आणि दुय्यम उत्पन्नासाठी मुख्य पिकाला धक्का लागता कामा नये.

या धाग्याचे महत्त्व आज वाढले आहे, याला सबळ कारण आहे. खनिज तेलापासून बनविलेले कृत्रिम धागे स्वस्त व टिकाऊ खरे; परंतु ते मातीत सहजी कुजत नाहीत, आणि धुण्याच्या वेळी त्यांचे सूक्ष्म तुकडे पाण्यात मिसळून नदी-समुद्रापर्यंत पोहोचतात. नैसर्गिक धाग्यांकडे जगाचे लक्ष वेधावे म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ हे वर्ष नैसर्गिक धाग्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. केळीच्या वाखाची विशेष जमेची बाजू अशी की, त्याच्यासाठी एक गुंठाही जादा जमीन लागत नाही. लागवडीचा खर्च फळासाठी अगोदरच झालेला असतो.

आता हिशेब पाहू. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर केळी लावल्यास एका हेक्टरात ४,४४४ झाडे बसतात. प्रत्येक खांब १५ किलोचा धरला, तर घड उतरल्यानंतर हेक्टरी सुमारे ६६ टन खांब बागेत उरतात. यातून निघणारा वाळलेला धागा किती? शंभर किलो खांबामागे ढोबळमानाने एक किलो. वाण, खांबाची अवस्था व काढणीची पद्धत यांप्रमाणे हे प्रमाण कमी-अधिक होईल, परंतु मुख्य गोष्ट बदलत नाही. हेक्टरी साधारण ६६० किलो धागा हाती येतो आणि उरलेला ६५ टनांहून अधिक भार पाणी व चोथा यांच्या रूपाने मागे राहतो. शंभरातील एक किलो प्रदर्शनात टेबलावर मांडलेला असतो. शेतकऱ्याने विचार करावयाचा तो उरलेल्या नव्व्याण्णव किलोंचा.

केळ हे पालाशाचे मोठे भुकेले पीक आहे. जमिनीतून उचललेल्या पालाशाचा बराच भाग खांबात साठलेला असतो. आपल्या देशाला लागणारे पालाशयुक्त खत जवळजवळ सर्वच परदेशातून आणावे लागते, आणि त्याची किंमत प्रत्येक बागायतदार जाणतो. असे असता, सारे खांब गाडीत भरून दूरच्या कारखान्याकडे पाठविणे म्हणजे विकत घेतलेले खत स्वतःच्याच शेतातून बाहेर काढून देणे होय. खांबामागे जे चार पैसे मिळतील, ते पुढील हंगामात खताच्या दुकानी मोजावे लागतील. यास्तव आमचे स्पष्ट मत असे की, धागा काढण्याचे काम शक्य तो बागेजवळच व्हावे. धागा गावाबाहेर जावा. चोथा व रस गावातच राहावा. चोथ्याचे कंपोस्ट किंवा गांडूळखत उत्तम होते. खांबाच्या रसापासून पिकास उपयुक्त असे द्रवरूप खत बनविण्याची रीत गुजरातमधील नवसारी कृषि विद्यापीठाने विकसित केलेली आहे. हा रस नाल्यात सोडल्यास पाणी नासते. पिकास दिल्यास तेच अन्न ठरते.

दुसरी सावधगिरी पीलबागेबाबत. घड कापल्यानंतर खांब लगेच मुळाशी न तोडता काही काळ उभा ठेवला व टप्प्याटप्प्याने कापला, तर त्यातील अन्नरस शेजारच्या पिलास मिळतो. याउलट चांगल्या धाग्यासाठी खांब ताजाच लागतो. तो पडून राहिला की सोप काळवंडतात व धाग्याचा रंग बिघडतो. या दोन गोष्टी एकत्र साधणे कठीण आहे. म्हणून जी बाग मोडावयाची आहे, तिचेच खांब धाग्यासाठी द्यावेत, आणि जेथे पील राखले आहे तेथे पिलाचा हक्क पहिला मानावा, असे आम्ही सुचवितो. तसेच मर रोगाची शंका असलेल्या बागेतील खांब कदापि हलवू नयेत. या रोगाची बुरशी माती व रोगट अवशेष यांच्यामार्फत पसरते. एका बागेतील खांब गाडीत घालून गावभर फिरविणे म्हणजे रोगाला घरोघर आमंत्रण देणे होय.

आता यंत्राविषयी. सोप सुटे करून ते फिरत्या पात्यांच्या रुळापुढे धरले की गर खरवडला जातो व धागा हाती राहतो. तो धुऊन, वाळवून, विंचरून त्याच्या जुड्या बांधतात. यंत्र साधे आहे, परंतु त्यास वीज, स्वच्छ पाणी, वाळवणीसाठी जागा व वर्षभर खांबांचा पुरवठा लागतो. दोन-तीन एकरांच्या एकट्या बागायतदारास हे परवडणे दुरापास्त. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा महिला बचत गटाने मृगबाग व कांदेबाग यांच्या कापणीचे वेळापत्रक आखून काम केले, तर यंत्र रिकामे बसणार नाही. हे काम बहुधा स्त्रियांच्या हाती येईल. म्हणून रुळावर संरक्षक झाकण असणे, पदर व केस आवरलेले असणे आणि मजुरी वजनावर ठरली तरी ती दिवसाच्या रोजापेक्षा कमी न पडणे, याकडे गटाने प्रथमपासून लक्ष द्यावे.

कापडाच्या स्वप्नाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. केळीचा धागा मजबूत असतो, परंतु कापसापेक्षा जाड व ताठर असतो. कापसाच्या सूतगिरणीत तो आहे तसा चालत नाही. तो मऊ करून, योग्य लांबीचा कापून, कापूस वा अन्य धाग्यात मिसळावा लागतो. १९२४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या प्रकारच्या कामात लक्ष घातलेले आहे. परंतु खेड्यातील गटाने आरंभ दोर, चटया, पिशव्या, हातकागद अशा वस्तूंनी किंवा स्वच्छ, एकसारख्या कच्च्या धाग्याच्या विक्रीने करावा, हेच शहाणपणाचे. आणि काहीही झाले तरी ग्राहक अगोदर, यंत्र नंतर, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. अनुदान मिळते म्हणून घेतलेले आणि मागणी नाही म्हणून गंजत पडलेले यंत्र गावाचा पैसा तर बुडवितेच, शिवाय पुढील दहा वर्षे नव्या कल्पनेवरचा लोकांचा विश्वासही बुडविते.

इतक्या अटी घातल्या तर कोणी पुढे येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. शेतकरी नव्या गोष्टीला भीत नाही. अर्ध्या सांगितलेल्या गोष्टीला तो भितो. ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे यांचा केळीच्या बागायतदारांनी केलेला स्वीकार याची साक्ष देतो. हिशेब पूर्ण मांडला, जमेबरोबर खर्चाची बाजूही दाखविली, की तो आपला निर्णय आपण घेतो.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना आमची विनंती अशी. केळीच्या धाग्याविषयी गावात सभा घ्याल, तेव्हा कापडाचा नमुना अवश्य दाखवा. परंतु त्याच्या शेजारी चोथ्याची एक पाटी व रसाची एक बादलीही ठेवा, आणि हे तिन्ही कोठे जाणार ते शेतकऱ्यांकडूनच ठरवून घ्या. ज्या गावात या तिन्हींचे उत्तर मिळेल, तेथे यंत्र खुशाल बसवा. जेथे केवळ कापडाचेच उत्तर मिळेल, तेथे आणखी एक सभा घ्या.