पारा अर्धेच सत्य सांगतो

उन्हाळा आला की देशभरच्या बातम्यांत पाऱ्याची शर्यत सुरू होते. फलोदी कुठवर चढले, चुरू किती, चंद्रपूर किती? पण उष्णता माणसाला केव्हा मारते, या प्रश्नाचे उत्तर केवळ पाऱ्यात नाही. ते शालेय विज्ञानातील ‘बाष्पीभवन’ या संकल्पनेत आहे.

द्रवातील सर्व कण सारख्या वेगाने फिरत नाहीत. पृष्ठभागावरील अधिक ऊर्जेचे कण शेजारच्या कणांचे आकर्षण तोडून वायुरूपात निसटतात. मागे उरलेल्या कणांची सरासरी गतिज ऊर्जा घटते आणि द्रव थंड होतो. घाम हेच करतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शरीराबाहेर जाते.

मात्र हवेत आधीच बाष्प दाटलेले असेल, तर त्यातील कणही त्वचेवर परतत राहतात. जाणारे आणि येणारे कण जवळजवळ समान झाले की घाम निथळतो, पण वाळत नाही; आणि न वाळलेला घाम शरीराला थंड करीत नाही. नागपूरला वरदान ठरणारा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो, तो याच कारणाने.

तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावरून हवा वाहू दिली, तर बाष्पीभवनाने गाठता येणारे नीचतम तापमान कळते. त्यालाच वेट बल्ब तापमान म्हणतात. 42 अंश सेल्सिअस आणि 15 टक्के आर्द्रता असताना ते सुमारे 22 अंश असते. 36 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असताना मात्र ते सुमारे 30 अंशांवर जाते. म्हणजे पारा सहा अंशांनी कमी असूनही घामाचे काम कितीतरी कठीण झालेले असते. 35 अंश वेट बल्ब ही मानवी सहनशक्तीची सैद्धांतिक सीमा 2010 मध्ये शेरवूड आणि ह्युबर यांनी मांडली. पुढे अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत, दमट हवेत तरुण व निरोगी व्यक्तींचीही सीमा 31 अंशांच्या आसपासच आढळली.

आता निकष पाहावेत. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात 40 अंशांपासून आणि किनारपट्टीवर 37 अंशांपासून सुरू होतो. वरील उदाहरणातील 36 अंशांचा दमट दिवस या व्याख्येत बसतच नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या खुल्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातील पारा 40 अंशांपर्यंत पोहोचलेला नव्हता.

विभागाला हे ठाऊक नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2023 पासून तो प्रायोगिक उष्णता निर्देशांक प्रसिद्ध करतो. ‘उष्ण व दमट’ हवेचे इशारेही देतो. एकच आकडा लोकांना चटकन समजतो, हा युक्तिवादही खोटा नाही. शिवाय कोरडी उष्णता निर्धोक आहे, असेही नाही. पुरेसे पाणी न मिळाल्यास तीही जीव घेते. परंतु उष्णतेची लाट जाहीर झाली की सरकारी यंत्रणा हलते आणि कामाच्या वेळा बदलतात. दमट दिवसाचा इशारा बहुधा बातमीच्या तळाशी राहतो. हा भेद मिटला पाहिजे. बांधकामाच्या वेळा, शाळांचे वेळापत्रक, खुल्या मैदानावरील सभांची परवानगी हे सारे तापमान आणि आर्द्रता यांच्या एकत्रित मोजमापावर ठरले पाहिजे.

दमट दिवशी कपडे लवकर का वाळत नाहीत, या प्रश्नाला परीक्षेत दोन-तीन गुण मिळतात. त्याच उत्तरावर मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या रस्त्यांवर राबणाऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत. जे विद्यार्थ्याने लिहिणे अपेक्षित आहे, ते धोरणानेही मानावे, एवढीच ही मागणी आहे.