सागरतळीचे वन आणि सरकारी जमाखर्च

केंद्र सरकारने 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना जाहीर केली. तिच्या 20,050 कोटी रुपयांच्या आराखड्यात समुद्रशैवालासाठी 640 कोटी रुपये राखून ठेवण्यात आले आणि 2025 पर्यंत देशातील शैवालाचे उत्पादन 11 लाख 20 हजार टनांवर नेण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. ती मुदत उलटून गेली; उत्पादन उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचले नाही. असे का झाले याची जी चर्चा झाली ती बियाणे, बाजारपेठ आणि कर्जपुरवठा या अंगांनी झाली. परंतु त्याहून मूलभूत असा एक प्रश्न या चर्चेत बाजूलाच राहिला. आपल्या किनाऱ्यावर जे शैवाल निसर्गतः उगवते ते आज कोठे टिकून आहे, कोठून नाहीसे झाले आणि जेथून नाहीसे झाले तेथे ते परत आणण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय.

सह्याद्रीच्या अलीकडे, छत्रपती संभाजीनगरसारख्या कोरड्या मुलखातील शहरात राहणाऱ्याला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या अगारवर जिवाणू वाढवले जातात ते अगार लाल शैवालापासून निघते. दंतवैद्य दातांचा साचा घेण्यासाठी जी लुकण वापरतो तिच्यातील अल्जिनेट तपकिरी शैवालाचे असते. आइस्क्रीम आणि टूथपेस्ट यांना दाटपणा आणणारे कॅराजिननही शैवालातूनच येते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेच्या तंत्रावर आधारलेले इफ्कोचे ‘सागरिका’ हे द्रवरूप उत्पादन आज मराठवाड्यातील शेतकरीही पिकांवर फवारतो. समुद्र दूर असला तरी त्याच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतीशी येथील माणसाचा व्यवहार रोजचा आहे, आणि तिच्यासाठी खर्च होणारा पैसा त्याच्याही करातूनच जातो.

खडकावरचे वन

थंड समुद्रात केल्प नावाच्या प्रचंड तपकिरी शैवालांची वने असतात. भारताच्या उष्ण किनाऱ्यावर केल्प नाही. येथे त्याची जागा बऱ्याच अंशी सारगॅसम या तपकिरी शैवालाने घेतली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा ओसरला, पाणी निवळले की हे शैवाल झपाट्याने वाढू लागते, हिवाळ्यात ते भरात येते आणि उन्हाळ्याकडे झडून जाते. जमिनीवरच्या झाडासारखी मुळे त्याला नसतात. एका चिवट बुंध्याने ते खडकाला धरून असते आणि अन्न थेट पाण्यातून घेते. त्याच्या दाटीत माशांची पिल्ले, खेकडे आणि शंखशिंपले यांना आसरा मिळतो. मच्छीमाराच्या जाळ्यात पुढे जे येते, त्यातील काही भागाचे बालपण या झाडोऱ्यात गेलेले असते.

या वनाच्या दोन दुर्बळ बाजू आहेत. पहिली, त्याला खडक स्वच्छ आणि पाणी नितळ लागते. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून, खाणींतून आणि बांधकामांवरून वाहून येणारा लाल गाळ खडकावर बसला की अंकुराला धरायला जागा उरत नाही आणि प्रकाशही अडतो. शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी यांनी ही हानी वाढते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत, ती केवळ माशांपुरती मर्यादित समजणे चूक ठरेल. दुसरी दुर्बळ बाजू अशी की, सारगॅससमची बीजे फार दूर जात नाहीत. बहुतेक मातृवनस्पतीच्या आसपासच खडकावर बसतात. त्यामुळे एखाद्या पट्ट्यातून हे शैवाल समूळ गेले, तर पाणी पुढे सुधारले तरी ते आपोआप परतेल याची शाश्वती नसते.

मोजले जाते तेच वाचते

अर्थशास्त्रात ज्याला किंमत नाही त्याला मूल्यही नाही असे मानण्याचा प्रमाद वारंवार घडतो. शासनव्यवहारात याच प्रमादाचे रूप थोडे निराळे असते: ज्याची नोंद नाही त्याचे अस्तित्वच नाही. खारफुटीचे उदाहरण येथे बोलके आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभाग खारफुटीचे क्षेत्र उपग्रहाच्या साहाय्याने नियमाने मोजतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये तिच्या तोडीविरुद्ध कडक आदेश दिले. राज्य सरकारने 2012 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. 2013 च्या अहवालात महाराष्ट्रात 186 चौरस किलोमीटर असलेले खारफुटीचे क्षेत्र 2021 च्या अहवालात 324 चौरस किलोमीटर नोंदले गेले. या वाढीतील काही भाग मोजणीच्या सुधारलेल्या पद्धतीचा असेल. तरीही गणना, कायदा आणि जबाबदार कार्यालय ही तिन्ही एकत्र आली की काय घडू शकते, हे त्यातून दिसते.

समुद्रशैवालाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींचा अभाव आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि भावनगरची संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी वेळोवेळी पाहण्या केल्या. परंतु खारफुटीसारखी ठरावीक काळाने होणारी सरकारी गणना पाण्याखालच्या या वनाच्या वाट्याला आली नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत संवेदनशील ठरवलेल्या घटकांच्या यादीत खारफुटी आहे, प्रवाळ आहे, सागरी गवत आहे, कासवांच्या विणीच्या जागाही आहेत. शैवालाचे नाव नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या 18 वसाहती उचलून अन्यत्र लावण्यात आल्या, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टात प्रवाळांचा समावेश आहे. खडकावरच्या शैवालासाठी अशी परवानगी मागण्याची कोणावर सक्तीच नव्हती. प्रवाळाला मिळालेले संरक्षण योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, एकाच खडकाच्या दोन रहिवाशांपैकी एकाला कायद्याने ओळखावे आणि दुसऱ्याला ओळखू नये, याला शास्त्रीय आधार कोणता?

लागवड म्हणजे वन नव्हे

शैवालाची लागवड वाढली की हा प्रश्न सुटेल, असा एक समज आढळतो. त्यातील सत्यांश नाकारता येत नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम भागात लागवडीने अनेक कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, रोख उत्पन्न मिळवून दिले. शैवाल वाढवण्यास शेतजमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, खत लागत नाही. परंतु तराफ्यावर बांधलेले आणि सुमारे 45 दिवसांनी कापून नेले जाणारे पीक आणि खडकावर स्वतःच्या बीजाने पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे वन यांत शेत आणि अरण्य यांच्याइतकाच फरक आहे. एक उत्पन्न देते. दुसरे उत्पन्नाचे मुद्दल सांभाळते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत पहिल्याची नोंद होते, दुसऱ्याची होत नाही. म्हणून मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांनाही पहिले दिसते, दुसरे दिसत नाही.

शिवाय, भारतात व्यापारी लागवड ज्या कप्पाफायकस शैवालाची प्रामुख्याने होते ते मूळचे येथले नाही. फिलिपाइन्सकडील या शैवालाचे बियाणे 1984 मध्ये जपानमार्गे भारतात आले आणि 2000 नंतर तमिळनाडूत त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. 2008 मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. या प्रसाराचे प्रमाण किती यावर पुढे मतभेद झाले. पण परकी वनस्पती एकदा उघड्या पाण्यात सुटली की तिला परत बोलावता येत नाही, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने 2024 मध्ये जिवंत शैवालाच्या आयातीसाठी मार्गदर्शक नियम केले, विलगीकरण आणि धोक्याची पूर्वतपासणी बंधनकारक केली, हे स्वागतार्ह आहे. मात्र असे नियम परक्याच्या प्रवेशापुरते असतात. मूळ रहिवाशाच्या पुनर्वसनाविषयी ते मौन पाळतात.

महाराष्ट्राने ही चूक जमिनीवर एकदा करून पाहिली आहे. 1980 च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या मोहिमेत निलगिरी आणि सुबाभूळ यांची लक्षावधी रोपे लावली गेली. रोपांचे आकडे भरले, अहवाल सजले. पण साग, पळस, मोह यांच्या मिश्र जंगलाची जागा त्या एकसुरी रांगांनी भरून निघाली नाही. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे किनाऱ्यावर भांडवल आणि कर्ज यांचा ओघ वाढणार आहे. अशा वेळी तोच धडा पाण्याखाली नव्याने गिरवण्याची आवश्यकता नाही.

आधी कारण, मग रोप

वन परत आणता येते काय, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने दिले आहे. त्या महानगराच्या सुमारे 70 किलोमीटर किनाऱ्यावरून क्रेवीड हे तेथले मूळचे शैवाल 1980 च्या दशकापर्यंत नाहीसे झाले. कड्याजवळ सोडले जाणारे मैलापाणी हे त्याचे कारण असल्याचा निष्कर्ष पुढे निघाला. 1990 च्या सुमारास ते पाणी नळांवाटे खोल समुद्रात नेण्यात आले, किनारा स्वच्छ झाला. तरी शैवाल परतले नाही, कारण बीज देणारे झाडच जवळपास उरले नव्हते. 2011 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी निरोगी पट्ट्यांतील शैवाल आणून उजाड खडकांवर लावण्यास प्रारंभ केला आणि काही ठिकाणी त्याला नवी पिढी आली. दक्षिण कोरियाने तर या कामासाठी स्वतंत्र सरकारी संस्था उभारली आणि 2013 पासून 10 मे हा दिवस समुद्रात वृक्षारोपणाचा दिवस म्हणून तो पाळला जातो.

या अनुभवाचे तात्पर्य क्रमाचे आहे. प्रथम हानीचे कारण थांबवावे लागते, नंतर रोप लावावे लागते. केवळ पहिल्याने काम पुरे होत नाही आणि पहिल्यावाचून दुसरे व्यर्थ जाते. मुंबईत मैलाशुद्धीकरणाची एकूण 2,464 दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची सात नवी केंद्रे उभी राहत आहेत. ती पूर्ण झाल्यावर समुद्र आपोआप पूर्ववत होईल असे गृहीत धरणे सिडनीचा अनुभव पाहता धाडसाचे ठरेल. उलट, मैलापाणी तसेच ठेवून खडकांवर शैवाल लावण्याचा समारंभ करणे हाही अपव्ययच. छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांना हा क्रम समजावून सांगण्याची गरज नसावी. खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम 2021 च्या सुमारास सुरू झाले, तिचे काठ साफ झाले, तेथे झाडे लागली; पण नाल्यांचे सांडपाणी जेवढे नदीत येत राहील तेवढी ती आजारी राहील आणि ते पाणी शेवटी नाथसागरात, म्हणजे शहराच्याच पिण्याच्या पाण्यात जाईल, हे येथील प्रत्येक सुज्ञ माणूस जाणतो. कोकणच्या खडकांनाही हाच नियम लागू आहे.

कोणाच्या हातून?

उरतो प्रश्न व्यवस्थेचा. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्रावर घोषित झाले. परंतु आपली मासेमारी बंद होईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला. ज्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र रोज असतो त्यांनाच परके करून समुद्र राखता येत नाही, हा त्याचा अर्थ. याउलट, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर रानशैवाल गोळा करणाऱ्या स्त्रियांनी महिन्यातील ठरावीक दिवसच कापणी करण्याचे आणि खडक न खरवडण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. सामाईक संपत्ती लुटलीच जाते हा सिद्धान्त सर्वत्र खरा नाही. वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम ती टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांबनच्या त्या स्त्रियांनी तेच तत्त्व आचरणात आणले आहे.

महाराष्ट्रापुढील कर्तव्ये त्यामुळे स्पष्ट आहेत. राज्याच्या किनाऱ्यावरील शैवालपट्ट्यांची गणना करून ती ठरावीक काळाने पुन्हा व्हावी. किनारा नियमनाच्या यादीत त्यांना स्थान मिळावे. नव्या लागवडीत सारगॅसम, ग्रॅसिलारिया यांसारख्या येथल्याच शैवालांना अग्रक्रम असावा आणि लागवडीच्या प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चातील निश्चित वाटा मूळ वनाच्या पुनःस्थापनेसाठी बाजूला काढावा. हे काम मच्छीमार सहकारी संस्थांकडे मजुरीसह सोपवावे; पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत त्यांतून गावातच रोजगार निर्माण होईल.

समुद्राचे पाणी तापत आहे. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 2014 नंतरच्या अवघ्या काही वर्षांत 90 टक्क्यांहून अधिक केल्पवन उष्ण पाणी आणि सागरी साळींची बेसुमार वाढ यांमुळे नष्ट झाले. तेथे वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून काय गमावले हे तरी जगाला कळले. कोकणात तसे घडले, तर गमावल्याची नोंद करण्यासही वही उघडलेली नसेल. 640 कोटींच्या योजनेत ती वही घेण्याचा खर्च नगण्य आहे. मुद्दल किती शिल्लक आहे हे न पाहता व्याजाचे उद्दिष्ट ठरवणारा सावकार शहाणा समजला जात नाही. शासनालाही वेगळा न्याय लावता येणार नाही.