भांड्यावरचं नाव

मंडळी, गेल्या अंकात परसातल्या मेथीवर लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "तुम्ही इंजिनिअर ना? मग कधीतरी लोखंड-पोलादावर लिहा की!" लोखंडावर नाही, पण यावेळी धातूवरच लिहितोय. चांदीवर. तीही जुनी, इंग्रजी आणि जेवणाच्या टेबलावरची.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी लिक्सलिपहून अर्ध्या तासावरच्या एका लिलावाला गेलो होतो, मुलीसाठी अभ्यासाचं टेबल बघायला. टेबल दुसऱ्याच कोणीतरी नेलं आणि मी घरी आलो पाच चमचे घेऊन. हिने पुडकं उघडलं आणि पहिला प्रश्न, "पाचच? सहावा कुठाय?" सहाव्याचा पत्ता कोणालाच नव्हता. आणि संच मोडका होता, म्हणूनच तर तो आमच्या खिशाला परवडला.

चमचे म्हणजे आपले चहाचे नव्हेत. इंग्रज ज्याला टेबलस्पून म्हणतात ते, चांगले वीतभर लांब. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर एकेक पासष्ट ग्रॅमचा, म्हणजे साडेपाच तोळ्यांच्या आसपास. दांड्याचं टोक व्हायोलिनसारखं, म्हणून या घाटाला 'फिडल पॅटर्न' म्हणतात. दांड्यावर वळणदार अक्षरांत कोरलेली दोन आद्याक्षरं आणि मागच्या बाजूला ओळीने पाच बारीक शिक्के.

त्या शिक्क्यांनीच मला नादाला लावलं. मुलीचं भिंग घेऊन बसलो. चालणारा सिंह, म्हणजे चांदी स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग शुद्ध. बिबट्याचं तोंड, म्हणजे कस लंडनला लागला. बर्मिंगहॅमचा असता तर नांगर दिसला असता, एडिंबरोचा असता तर किल्ला. राजाचं मुंडकं म्हणजे सरकारी कर भरल्याची खूण, ती १७८४ ते १८९० एवढ्याच काळात उमटवत. चौथा शिक्का कारागिराचा. आणि पाचवं एक अक्षर, ते दरवर्षी बदलायचं. अक्षराचं वळण, ढालीचा आकार आणि बाकीचे शिक्के कोष्टकाशी ताडून पाहिले की वर्ष सापडतं. माझ्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता. लंडनने तो १८२१ नंतर काढून टाकला, त्यामुळे निम्मी शोधाशोध तिथेच संपली. वर्ष निघालं १८२८. पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती.

आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क आला २००० साली आणि चांदीला २००५ साली. तोवर सराफाचा शब्द हाच हॉलमार्क. इकडे बिबट्याचा शिक्का १३०० सालापासून आहे आणि 'हॉलमार्क' हा शब्दच मुळी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरून आला. आयर्लंडही मागे नाही. डब्लिनच्या सोनारांच्या कंपनीला सनद मिळाली १६३७ साली. त्यांचा शिक्का म्हणजे मुकुट घातलेली हार्प, आणि पुढे १७३० च्या सुमारास आली बसलेली हायबर्निया, म्हणजे आपल्या भारतमातेसारखी इथली आयर्लंडमाता. डब्लिनची जुनी चांदी इंग्लंडच्या मानाने कमी, म्हणून महाग. आम्ही ती कॉलिन्स बॅरक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बघतो, फुकट!

तिथे 'डिश रिंग' नावाचा एक प्रकार बघायला मिळतो. अठराव्या शतकातली डब्लिनची खासियत. चांदीचं जाळीदार, वीतभर रुंदीचं कडं. गरम वाडग्याने टेबलाचं लाकूड पोळू नये म्हणून खाली ठेवायचं. लोक त्याला उगाचच 'पोटॅटो रिंग' म्हणतात. मुलीला म्हटलं, "ही तर आपली अडणी!" तर तिचा प्रश्न, "अडणी म्हणजे काय?" घ्या!

आता खरेदीबद्दल थोडं. ई.पी.एन.एस. अशी अक्षरं दिसली तर ती चांदी नव्हे, चांदीचं पाणी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा माल घरोघरी गेला. खालचा धातू म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, आपलं जर्मन सिल्व्हर. त्याआधीचं म्हणजे शेफील्ड प्लेट. थॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा चिकटवून तो एकत्र लाटण्याची युक्ती काढली. झिजलेल्या कडांना तांबूस झाक दिसते ती त्याची. दोन्हींत वाईट काही नाही, फक्त चांदीच्या भावाने घेऊ नका. काट्यांच्या बाबतीत जरा जपून. जुने काटे चमच्यांपेक्षा दुर्मिळ, म्हणून चमच्यांचेच काटे करून विकणारे महाभाग होऊन गेलेत.

मी काटे-सुऱ्या घेतल्याच नाहीत. आपण जेवणार हातानेच. आपल्याला लागतात ती वाढायची भांडी, आणि नेमके तेच मोठे चमचे इकडे कोणाला फारसे नको असतात, कारण ते आजच्या तोंडात मावत नाहीत! आमच्याकडे ते मसालेभात वाढतात. फूटभर लांबीचा एक बेस्टिंग स्पून मिळाला, तो झाला आमटीची पळी. सॉसच्या नावेतून पुरणपोळीवर तूप. आणि मुलामा दिलेल्या टोस्ट रॅकमध्ये पापड असे काही उभे राहतात की बोलायची सोय नाही.

पण आपला स्वयंपाक चांदीला सोसवतो का? इथे इंजिनिअर कामाला आला. चांदी काळी पडते ती हवेतल्या प्राणवायूने नव्हे, गंधकाने. आणि आपली फोडणी म्हणजे गंधकाचं आगरच. हिंगात गंधक, मोहरीत गंधक, कांदा-लसणात गंधक. अंड्याचं तर विचारूच नका, म्हणून इंग्रजसुद्धा अंडं खायला हाडाचा किंवा शिंगाचा चमचा घेत. उलट दूध, तूप, श्रीखंड, खीर यांचं चांदीशी छान जमतं. ताकाच्या किंवा चिंचेच्या आंबटपणाने पितळ कळकतं, म्हणून त्याला कल्हई लागते. चांदीला लागत नाही. नैवेद्याला चांदीचं ताट आणि नैवेद्यात कांदा-लसूण नाही, ही जोडी चांदीला तरी फार सोयीची आहे.

चांदीचा खरा वैरी मीठ. ओलसर मीठ चांदीवर राहिलं तर खड्डे पडतात आणि ते पुसून जात नाहीत. म्हणून इंग्रजांच्या मिठाच्या भांड्यात आत निळ्या काचेची वाटी असते किंवा आतून सोन्याचा मुलामा. हे वाचलं आणि माझी आजी आठवली. सणाला चांदीच्या ताटात वाढताना ती मिठाच्या जागी आधी केळीच्या पानाचा रुपयाएवढा तुकडा ठेवायची. मला वाटायचं, हे काहीतरी सोवळ्यातलं असणार. आजीला क्लोराइड माहीत नव्हतं, पण ताट माहीत होतं.

साफसफाईबद्दल विचाराल तर डिशवॉशर वर्ज्य. पोकळ मुठीच्या सुऱ्यांत राळ भरलेली असते, ती उष्णतेने सुटते. फारच काळं पडलं तर पातेल्यात अॅल्युमिनियमची फॉइल, वर भांडं, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागची हलत नाही. रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासलं की मात्र दरवेळी थोडी चांदी जाते, कोरलेली अक्षरं पुसट होत जातात. सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे रोज वापरा, लगेच धुवा, लगेच पुसा. कपाटात जपून ठेवलेली चांदी वापरातल्या चांदीपेक्षा जास्त काळवंडते. रबरबँडने तर कधीच बांधू नका. त्यातही गंधक!

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

माझ्या आईला लग्नात तिच्या वडिलांनी चांदीचं ताट, दोन वाट्या आणि तांब्या-भांडं दिलं होतं. ताटाच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं तिचं माहेरचं नाव, तारीख आणि "ति. बाबांकडून". २०१२ साली मुलीच्या उष्टावणाला सांगलीला गेलो, तेव्हा म्हटलं, आई, तुझी ती वाटी काढ. आई शेगडीपाशी होती. मागे न बघता म्हणाली, "ती तुझ्या तिकिटात गेली रे."

२००४ साली मी मास्टर्सला निघालो तेव्हा कर्ज मंजूर झालं होतं, पण तिकीट आणि पहिल्या महिन्यांचा खर्च त्यात बसत नव्हता. बाबा म्हणाले, झाली सोय. सोय कशी झाली ते मी विचारलं नाही. चोवीस वर्षांचा मुलगा विचारत नाही. सराफ कट्ट्यावर ताट मोडीत गेलं. घट वजा झाली, मजुरी बुडाली आणि नाव वितळलं. मुलीचं उष्टावण स्टीलच्या वाटीत झालं.

गेल्या दिवाळीत आई लिक्सलिपला आली. लक्ष्मीपूजनाच्या जेवणाला मी हे पाच चमचे काढले. मला धास्ती होती की ती म्हणेल, लोकांची उष्टी भांडी कशाला, त्यातून त्यांत काय काय खाल्लेलं असेल! ती म्हणाली, "चांदीला कसला विटाळ?" मग चष्मा लावून तिने त्या आद्याक्षरांवरून अंगठा फिरवला.

"कोण ही?"

"माहीत नाही. असेल कोणा मोठ्या घरातली."

मग मी तिला इथल्या जमीनदारांची गोष्ट सांगितली. १९०३ सालच्या विंडहॅमच्या कायद्याने सरकारी कर्जावर जमिनी कुळांकडे गेल्या. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर गेल्या तशाच, फक्त इथे जमीनदारांना पैसे बरे मिळाले. पुढे १९२० ते १९२३ च्या धामधुमीत दोनशेहून जास्त वाडे जळाले. वाडे गेले, माणसं पांगली आणि भांडीकुंडी लिलावात आली.

आई म्हणाली, "म्हणजे हिचंही मोडीतच गेलं की."

"मोडीत नाही गं. विकलं, पण वितळवलं नाही."

आणि हे काही थोडंथोडकं नशीब नाही. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास पोचली, तेव्हा असे किती चमचे भट्टीत गेले त्याला गणती नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात तो उच्चांकही मोडला. भाव चढला की साध्यासुध्या जुन्या चमच्याची किंमत घाटापेक्षा वजनाला जास्त येते आणि मग भट्टीला निमित्त लागत नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे?

माझ्या मनात बरेच दिवस एक बेत होता. तो मी आईला सांगितला. एका चमच्यावर, त्या आद्याक्षरांच्या खाली, तुझं नाव कोरून घेऊ या. जाणकार म्हणतात, नवीन अक्षरं कोरली की किंमत उतरते. उतरू दे.

आईने चमचा पुसून खाली ठेवला. "माझं नाव माझ्या ताटावर होतं. हिच्या चमच्यावर कशाला?"

यावर मला काही बोलता आलं नाही. तिने तोच चमचा उचलला आणि पंगतीला मसालेभात वाढायला घेतला. वाढताना मुलीला सांगत होती, ताट कसं होतं, काठ कसा होता, बाबांनी तारीख का घालायला लावली. मुलीने हे पहिल्यांदाच ऐकलं. खरं सांगायचं तर अर्ध्याहून अधिक मीही पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणून एक विनंती. पुढच्या खेपेला भारतात जाल तेव्हा घरातली जुनी भांडी पालथी करून बघा. चांदीची, पितळेची, स्टीलचीसुद्धा. ज्यांची नावं असतील ती वहीत उतरवून घ्या आणि कोणी, कोणाला, कशासाठी दिलं ते आई-बाबांना विचारा. अडचणीला भांडं मोडावं लागतं. आमच्याकडेही लागलं, आणि त्याच पैशांवर मी आज इथे बसून हे सदर लिहितोय. पण वहीत नाव उतरवायला काही खर्च येत नाही.

आई जाताना चिवड्याचा रिकामा डबा इथेच विसरली. स्टीलचा, बुडाला टिंबाटिंबांनी तिचं नाव, सासरचं. फोनवर म्हणाली, पुढच्या वेळी घेऊन ये. मी हो म्हटलंय. सध्या मात्र पाचही चमचे त्या डब्यात आहेत आणि डबा परत न्यायचा माझा काही विचार नाही.