गुगलला शिव्या घालण्याआधी

‘गुगल मनुवादी आहे, आपले लेख दाखवतच नाही,’ हे बुलढाण्यात हल्ली फार ऐकू येतं. असेलही! पण पुरावा कुठाय? ‘केसरी’नं १९२० साली पैसे देऊ करूनही ‘मूकनायक’ची जाहिरात नाकारली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलं. आरोप असा करतात, मित्रांनो.

सर्च कन्सोलमध्ये लेखाची लिंक टाका. इंडेक्स का झाला नाही, याचं कारण तिथं दिसतं. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना नकार देणारी खूण राहिली, तर अख्खी साईट शोधाबाहेर. ती खूण मनूनं केली का? क्रॉलर लिंकवरून लिंकवर चालत येतो. आपण सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपात ओततो, तिथं तो पोचतच नाही. चिखलीच्या साईटनं मेहकरच्या लेखाला शेवटची लिंक कधी दिली?