कोपर बंद करा, मगच पोरं उतरवू

देवपूरकर पालकांनो, वस्तादांनो, पोरांनो,

गेल्या रविवारी माझ्या भाच्याच्या डाव्या भुवईवर सात टाके पडले. वय 17, एमएमएची (मिक्स्ड मार्शल आर्ट्सची) पहिलीच लढत. पोरगा खाली पडलेला, वरून तोंडावर कोपर, आणि बाहेरून आरोळी, "अजून दे!" घरी आणल्यावर आजीने एवढंच विचारलं, "डोया वाचना ना रे?"

पोरांना कच्चं उतरवतात, डॉक्टर जागेवर नसतो, हे तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते नवशिक्यांच्या लढतीत कोपर खुलं ठेवण्याच्या प्रथेवर.

व्यावसायिक लढतीतला हातमोजा साधारण 4 औंसांचा, म्हणजे 113 ग्रॅम. मुठीवर एवढं तरी असतं. कोपरावर शून्य. कातडीखाली लगेच टोकदार हाड, समोर भुवईचं हाड. दोन हाडांत सापडलेली कातडी सुरी फिरवल्यासारखी फाटते, रक्त डोळ्यात उतरतं, लढत थांबते. जिंकला कोण? ज्याचं कोपर आधी घासलं तो. याला कसब म्हणू नका.

"अमेरिकेत चालतं", हे ऐकून कान किटले. चालतं, व्यावसायिकांना. तिथेही सरळ वरून खाली हाणायचं कोपर नोव्हेंबर 2024 पर्यंत बंद होतं. 2009 मध्ये जॉन जोन्स या व्यावसायिक लढवय्याने जिंकत आलेली लढत त्याच फटक्यापायी घालवली. आणि आयएमएमएएफ या हौशी खेळाडूंच्या जागतिक महासंघाच्या नियमांत कोपर बंदच आहे. जागतिक स्पर्धेतल्या हौशी खेळाडूला जे मारायची मुभा नाही, ते देवपूरच्या अकरावीतल्या पोराने का खायचं?

"पोराने फॉर्मवर सही केली होती." 17 वर्षांच्या पोराची सही दाखवता? 18 पूर्ण नसलेल्याचा करार कायदासुद्धा मानत नाही. लाज वाटू द्या.

"मर्दानी खेळ आहे." जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरींनी 2014, 2015, 2016 अशी सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. कुस्तीत ठोसाही चालत नाही, कोपर तर दूरच. त्यांना कमी मर्द म्हणायची कुणाची छाती आहे?

फॉर्मवर 'कोपर बंद' असं छापून येईपर्यंत एकाही आईबापाने सही करू नये. शुक्रवारी संध्याकाळी पांझरेच्या पुलाच्या देवपूरकडच्या टोकाला मी ही पत्रकं घेऊन उभा असेन. भाचा सोबत असेल. टाके अजून निघालेले नाहीत.