मिस्ड कॉल आणि हजेरीपट

मागच्या मंगळवारी डोळे तपासायला कोपरखैरण्याला गेले होते. रिक्षाची वाट बघत उभी असताना एक गृहस्थ पुढे आले आणि भर रस्त्यात वाकून पाया पडले. "बाई, ओळखलंत का? शेवटच्या बाकावरचा मी!" शेवटच्या बाकावरचे माझ्या नेहमी लक्षात राहतात (पहिल्या बाकावरचे विसरते, का कोण जाणे). पण याला ओळखायला वेळ लागला. शाळेत चांगला आडदांड होता, आता पार वाळलेला. वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी आहे. "टीबी झाला होता बाई, २०१९ साली. आता बरा आहे."

रिक्षा सोडून दिली आणि शेजारच्या टपरीवर चहा घेतला. त्याने जे सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा टीबीच्या सरकारी गोळ्यांच्या पाकिटाला वरून एक पुठ्ठा लावलेला असे. ९९डॉट्स नावाची पद्धत. गोळ्या दाबून बाहेर काढल्या की पुठ्ठ्याआड छापलेला एक फोन नंबर दिसायचा, रोज वेगळा, पुढचा कुठला ते आधी कळायचं नाही. त्यावर फोन लावायचा. पैसे पडत नाहीत. फोन आला म्हणजे गोळी घेतली, अशी संगणकात नोंद. नाही आला तर आधी आठवणीचा मेसेज, मग आरोग्यसेवकाचा फोन. स्मार्टफोन लागत नाही, लिहितावाचता येण्याचीही फारशी गरज नाही. कल्पना हुशारीची, यात वाद नाही. त्याआधी डॉट्समध्ये आठवड्यातून तीनदा कुणाच्या तरी समोर बसून गोळ्या गिळाव्या लागत. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर, त्याने कामाच्या वेळी दवाखान्यात जायचं कसं? २०१७ पासून औषध रोजचं झालं, तेव्हा तर ते आणखीच अवघड झालं असतं.

तर आमच्या या विद्यार्थ्याचा मिस्ड कॉल न चुकता जात होता. एकही खाडा नाही. फक्त कॉल देत होती त्याची मुलगी!

"रात्री गाड्या लागायच्या बाई. मी दोन वाजता घर सोडायचो. ती झोपायच्या आधी गोळ्या काढून वाटीत ठेवायची आणि फोन लावून टाकायची, बाबा घेतीलच म्हणून. पहिले दोन महिने घेतल्या. मग खोकला थांबला, ताप गेला. उपाशीपोटी गोळी घेतली की ढवळायचं. पाठीवर गोणी आणि डोळ्यांपुढे अंधारी. एकजण बसला की टोळीतल्या बाकीच्यांवर भार. मग गोळ्या खिशात टाकायचो आणि जायचो."

टोळीत कुणाला सांगितलं होतं का, असं विचारलं तर नुसता हसला.

मी चाळीस वर्षं हजेरी घेतली. "हजर बाई" हा आवाज नेहमी त्याच मुलाचा असतो असं नाही, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. अभ्यासकांनाही हे दिसलंच. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत संशोधकांनी न कळवता रुग्णांच्या घरी जाऊन लघवी तपासली आणि औषधाचा अंश सापडतो का ते पाहिलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. गोळी घेऊनही फोन न केलेले बरेच निघाले, आणि फोन करून गोळी न घेतलेलेही. गंमत म्हणजे युक्ती जुनीच. १९५६ मध्ये मद्रासला निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये आणि निम्मे घरी ठेवून जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यातही अशीच अचानक लघवीची तपासणी होती. घरच्या उपचारानेही तितकाच गुण येतो हे त्या प्रयोगाने दाखवलं, आणि गोळी नेली म्हणजे खाल्ली असं नाही, हेही तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून तंत्रज्ञान टाकाऊ का? मुळीच नाही. हजेरीपट नसता तर सलग चार दिवस कोण आलं नाही, हे मला साठ मुलांच्या वर्गात कळलंच नसतं. पण हजेरीपटावरच्या फुल्या बघून मूल शाळेत येत नाही. त्याच्या घरी जावं लागतं. गेल्यावर कळतं की धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही. माझी तक्रार एवढीच की फोनवरून नोंद होते म्हटलं की घरी जाणारं माणूस कमी करायचा मोह वरच्यांना होतो.

पुरुषांच्या बाबतीत तर हे फारच खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ साली जगात टीबी झालेल्यांपैकी ५५ टक्के पुरुष होते, बायका ३३ टक्के, बाकीची मुलं. एकूण रुग्णांत सव्वीस टक्के आपल्या देशातले. आणि आपला पुरुष "काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" असंच उत्तर देतो. (आमच्या घरातही हेच, वाचणाऱ्यांनी राग मानू नये.) दारू पिणारा त्या रात्री गोळी टाळतो, दोन्ही एकत्र नको म्हणून. तेवढंच त्याचं पथ्य! संगणकाला दिसतो फक्त रिकामा चौकोन. आणि मुलगी शहाणी असेल तर तोही दिसत नाही.

याला सोडवलं ते एका आरोग्यसेविकेने. पुढचं पाकीट न्यायला चार दिवस उशीर झाला, तेवढ्यावरून ती घरी आली. तिने "गोळ्या घेता ना?" असं विचारलंच नाही. "कामावर किती वाजता जाता, आणि पहिला घास कधी खाता?" हे विचारलं. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातल्या गोळ्या त्याने आपणहून काढून दिल्या. मग डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ दुपारी, कामावरून आल्यावर, थोडं खाऊन, अशी ठरली. बेडका पुन्हा तपासला. नशीब, औषधाला न जुमानणारा टीबी झाला नव्हता. राहिलेला कोर्स पुरा केला. "लघवी लाल झाली की मुलगी म्हणायची, आता फोन लावते," हे सांगताना पन्नाशीचा बाप्या लाजला.

आपल्या सोसायटीचे वॉचमन, इस्त्रीवाले, गाड्या धुणारे यांच्यापैकी कुणी दोन आठवडे खोकताना दिसलं तर चौकशी करा, पण चारचौघांत नको. निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. उपचार चालू असताना आहारासाठी महिना पाचशे रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि कामाची वेळ आधी विचारा, गोळीचं नंतर.